‘हं’चा अर्थ

वर्तमानपत्र वाचणें ही आमची तीस वर्षांची नित्योपासना. सकाळीं मथळे मोठ्यानें वाचावे, चहाचा पेला हातीं धरून सरकारला चार शब्द सुनवावे आणि सौभाग्यवतीनें ‘हं’ म्हणावें, एवढ्यावर आमच्या घरचें राजकारण संपे. त्या ‘हं’चा अर्थ काय, हें आम्हीं कधींच पुसलें नव्हतें.

२०२१ च्या सप्टेंबरांत जर्मनीच्या लोकसभेची निवडणूक तोंडावर आली असतां, तेथें शिकत असलेल्या आमच्या चिरंजीवानें दूरध्वनीच्या पडद्यावर ‘वाल-ओ-माट’ नांवाचें साधन दाखविलें. नागरिकांच्या राजकीय शिक्षणासाठीं असलेली तेथील सरकारी संस्था २००२ पासून तें महाजालावर चालवीत आहे; कल्पना मूळची हॉलंडची. पक्षांकडून आधींच उत्तरें घेतलेलीं ३८ विधानें वाचकापुढें एकेक येतात. मोटारींच्या महामार्गांवर सर्वत्र वेगमर्यादा असावी. किमान वेतन ताशीं १२ युरो करावें. अशीं तीं विधानें. संमत, असंमत किंवा तटस्थ, एवढेंच सांगावयाचें. शेवटीं आपलें मत कोणत्या पक्षाशीं किती जुळतें तें दिसतें आणि पक्षांनीं दिलेलीं कारणेंही वाचतां येतात. मत कोणास द्यावें याचा हा सल्ला नव्हे, असें संस्था स्वतःच बजावते.

आम्हीं मोठ्या ऐटीनें आरंभ केला. दहा विधानांत चार वेळां आम्ही तटस्थ! चिरंजीव हंसून म्हणाला, “आई, आतां तूं सांग.” वेतनाच्या विधानाला तिनें तत्काळ संमति दिली आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या घरभाड्याचा हिशेब मांडला. तो आम्हांस ठाऊकच नव्हता. वेगमर्यादेपाशीं मात्र ती थबकली. “नको म्हणणाऱ्यांचें काय म्हणणें आहे, तें आधीं वाच,” म्हणाली. पुढें २६ तारखेच्या मतदानाचा निकाल आमच्या आधीं तिनें वाचला.

ज्ञान झालें म्हणजे आस्था उपजते, अशा समजुतीनें आम्हीं महाविद्यालयांत वर्षानुवर्षें व्याख्यानें दिलीं. आतां वाटतें, क्रम उलटा असावा. कोणी आपलें मत विचारलें कीं आस्था उपजते, आणि मग तीच ज्ञान शोधीत जाते. होय-नाहींच्या चिमट्यांत सारें राजकारण मावत नाहीं, हें खरें. पण विचारलेंच नाहीं तर ‘हं’पलीकडे कांहीं ऐकूंच येत नाहीं. तें विचारावयास परदेशांतलें यंत्र लागावें, याची मात्र आम्हांस लाज वाटते.

हल्लीं मथळा वाचून आम्ही थांबतों. उत्तर येतें, बहुधा विरुद्धच येतें, आणि चहा निवून जातो.