खजिना रिकामा ठेवण्याची विद्या

माझं काम गेम डिझाइनचं, त्यातही अर्थव्यवस्थेचं. घराला लाकूड किती, सैनिकाला सोनं किती, याचे हिशेब दिवसभर एक्सेलमध्ये मांडत बसायचं. राज्य उभारण्याच्या खेळांत लढाईला महत्त्व, असा सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात ती लढाई बऱ्याचदा दहा मिनिटं आधी लाकूडतोडीच्या जागी हरलेली असते. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ घ्या. १९९९ साली आला, २०१९ साली नव्या रूपात निघाला, आणि आजही लोक त्यावर रात्री जागवतात.

सुरुवातीला हाती काय? एक टाउन सेंटर, तीन व्हिलेजर म्हणजे कामकरी, टेहळणीला एक घोडेस्वार; २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोनं, २०० दगड. टाउन सेंटरमधून नवा व्हिलेजर ५० अन्नात मिळतो, तयार व्हायला २५ सेकंद घेतो. अन्न चौघांपुरतं आहे, पण टाउन सेंटरमध्ये माणसं मावतात पाचच आणि चार आधीच आहेत! म्हणून मुरलेला खेळाडू डाव सुरू होताच कुणाला तरी घर बांधायला जुंपतो. घराला २५ लाकूड, त्यात आणखी पाच जणांची सोय. घर उशिरा झालं की अन्न असूनही टाउन सेंटर गप्प बसतं.

हे गप्प बसणं फार महाग पडतं. मेंढीवर लावलेला व्हिलेजर मिनिटाला ढोबळमानाने २० अन्न आणतो, म्हणजे अडीच मिनिटांत स्वतःची किंमत फेडतो आणि पुढे डावभर कमावत राहतो. खजिन्यात १००० अन्न जमलं की नवखा खूश होतो. मला तिथे न जन्मलेले वीस व्हिलेजर दिसतात.

इमारतीचंही तसंच. लंबर कॅम्प, म्हणजे तोडलेलं लाकूड आणून टाकायची जागा, बांधायला १०० लाकूड लागतं. तो झाडांना अगदी खेटून बांधायचा, कारण व्हिलेजर एका खेपेला १०च लाकूड उचलतो. झाडं तुटत जातात, रान मागे सरकतं, चाल वाढते. आळशी खेळाडू जुन्याच कॅम्पवर भागवतो. दहा लाकूडतोडे असतील तर नवा कॅम्प म्हणजे त्यांची एकेक खेप, एवढाच खर्च. इतका स्वस्त सौदा लोक का टाळतात, मला अजून कळलेलं नाही. आणि घरं? ती नुसती राहायला नसतात. दोन झाडींच्या मधल्या फटीत घर ठोकलं की शत्रूचे घोडेस्वार बाहेर ताटकळतात. लोकसंख्येची सोय झाली, तटबंदीही झाली.

ब्रायन रेनॉल्ड्स यांनी २००३ च्या ‘राइज ऑफ नेशन्स’मध्ये वेगळी वाट धरली. तिथे रान संपत नाही, खाण आटत नाही. मग खेळाडूला आवर घालायचा कसा? एका शहराभोवती पाचच शेतं. प्रत्येक मालाच्या आवकीला कमाल मर्यादा. ती वाढवायची तर व्यापाराच्या संशोधनावर खर्च करा. शिवाय एकाच प्रकारची इमारत पुन्हा बांधायला गेलं की आधीपेक्षा महाग पडते. डिझाइनर म्हणून ही युक्ती मला जास्त सुबक वाटते, पण खेळायला बसलो की चढता भाव बघून चिडचिड होते, हेही खरं. २००४ च्या विस्तारात भारतीय आले ते नेमकी हीच अट मोडत: त्यांच्या इमारतींचे भाव चढत नाहीत. हत्ती सगळ्यांच्या नजरेत भरतात. भारतीयांचं खरं बळ मात्र या न चढणाऱ्या भावात आहे.

‘एज’कडे परत येतो, कारण तिथल्या बाजाराबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बाजारात लाकूड, अन्न, दगड सोन्याच्या बदल्यात घेता-विकता येतात. दर सौद्याला भाव हलतो, वर दलाली कापली जाते. एकदम मोठी विक्री केली तर शेवटचे शंभर दगड कवडीमोलाने जातात. गंमत अशी की भाव सगळ्या खेळाडूंना एकच असतो. समोरासमोर दोघंच खेळत असलो आणि मी हात न लावताही दगडाचा भाव उतरलेला दिसला, तर विकणारा समोरचाच. किल्ल्याला ६५० दगड लागतात आणि हा माणूस दगड विकतोय, म्हणजे त्याचा किल्ला इतक्यात उठत नाही. मग मी निर्धास्तपणे पुढे सरकून त्याच्या सोन्याच्या खाणीशेजारीच माझा किल्ला बांधायला घेतो.