वाटणीत न बसलेली गाडी

निवृत्त माणसाने देवळात बसावे, ओट्यावर बसावे, फार तर सुनेच्या स्वयंपाकावर मत द्यावे. पण गाडीखाली झोपू नये. हे ज्ञान मला गाडीखाली झोपल्यावर झाले.

गाडी आमच्या अण्णांची. १९७८ची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची ही फियाट. १९७४पासून तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले. आमच्या बीबीत मात्र तिला कुणी राणी मानले नाही. सगळे शेवटपर्यंत 'अण्णांची फॅट' म्हणत. अमेरिकेत म्हणे हौशी लोक घरच्या गॅरेजात जुन्या दांडग्या मोटारी नव्या करतात. १९६४ची पॉन्टिअॅक जीटीओच घ्या : इंजिन ६.४ लिटरचे, घोडे ३२५. आमचे इंजिन १०८९ सीसीचे, घोडे ४०. पण ते निदान गोठ्यात तरी बांधलेले होते!

अण्णा गेले आणि वाटणी झाली. शेत निम्मे, विहिरीचे पाणी आळीपाळीने, वाड्यात मधोमध भिंत. गाडी तेवढी निम्मी होईना. "इंजिन धाकट्याले द्या, चाकं थोरल्याले," असेही एकाने सुचवून पाहिले. शेवटी पंचांनी तोड काढली : गाडी माझ्या गोठ्यात, किल्ली धाकट्याच्या खुंटीला. त्यानंतर नऊ वर्षे आम्ही भाऊ एकमेकांशी बोललो नाही. विहिरीवरची मोटार बंद झाली की त्याचे पाणी संपले, एवढाच काय तो संवाद.

३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. ती बातमी वाचून मला उमाळा आला आणि उन्हाळा लागताच मी पाने-पकडी घेऊन गोठ्यात शिरलो. आमची ही म्हणाली, "निदान मान तरी बाहेर ठेवा, जेवायला हाक मारता येईल."

आमच्या भागात गाडीचे आधी काय जाते हे सांगायला ज्योतिषी नको. शेजारच्या लोणारचा खड्डा १.८ किलोमीटर रुंद. तो उल्का पडून झाला. बाकीचे कशाने झाले, यावर अजून संशोधन व्हायचे आहे. पद्मिनीला मागे पाट्यांच्या स्प्रिंगा आणि पुढे गुंडाळीच्या. मागचे पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते. ते सुटे करून, डिझेलने धुऊन, ग्रीस लावून पुन्हा बांधले. पुढची स्प्रिंग मात्र वरच्या आणि खालच्या हातामध्ये दाबून बसवलेली असते. खालच्या हाताला जॅकचा टेकू देऊन तो सावकाश उतरवायचा, म्हणजे स्प्रिंगेचा राग हळूहळू निघतो. मी घाई केली. नऊ वर्षांचा राग एकदम निघाला. स्प्रिंग माझ्या कानाजवळून सुटली, भिंतीवरून गेली आणि पलीकडून वहिनींची किंकाळी आली.

दोन मिनिटांत धाकटा दारात. एका हातात स्प्रिंग, दुसऱ्या हातात मोडलेल्या कुरडया. मी नजर चुकवली. तो म्हणाला, "दादा, तुला लागलं का कुठं?"

मी मान हलवली. मग त्याने गाडीकडे पाहिले. "एकट्याचं काम आहे का हे?" असे म्हणून त्याने बाह्या सरसावल्या.

खरेच नव्हते. हेड उतरवायला दोघे लागले. व्हॉल्व्ह घासायचे म्हणजे काठीच्या टोकाला रबरी कप लावून, पेस्ट टाकून, काठी दोन तळव्यांत ताकाच्या रवीसारखी फिरवायची. माझे हात भरून आले की तो घ्यायचा. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या होत्या. नव्या आणायला तो स्वतः जालन्याला गेला. टॅपेट लावताना तर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून एकाने इंच-इंच ढकलायची आणि दुसऱ्याने पत्ती घालून फट बघायची. नऊ वर्षांत जेवढे बोललो नव्हतो तेवढे एका दुपारी बोललो. "ढकल." "थांब." "मागे घे." "अरे मागे म्हटलं, मागे!" पण बोललो.

बॅटरी नवी, प्लग नवे, पेट्रोल ताजे. मी ऐटीत स्टिअरिंगवर बसलो आणि किल्लीसाठी हात पुढे केला. तिथे नुसते भोक होते. धाकटा काही न बोलता घरी गेला आणि खुंटीवरची किल्ली घेऊन आला. तिला तेल लावलेले होते. नऊ वर्षांत एक ठिपका गंज नाही.

गाडी खोकली, निळा धूर ओकली आणि चालू झाली. दुसरबीडच्या रस्त्याला पहिला खड्डा आला तेव्हा दोघांनीही श्वास रोखला. खडखडाट नाही. "अण्णा असते तर म्हणाले असते, हळू," धाकटा म्हणाला. मी हळू केली.

किल्ली अजून त्याच्याच खुंटीला असते. दुसरी करून घ्या, असे आमची ही म्हणते. पण मग रोज मागायला जायचे कुणाकडे?