डहाणू ते उधवा : मागच्या चाकाची ओल

डहाणूहून तलासरीला जाल तर दुचाकीने जा. चिकूच्या वाड्या मागे पडल्या की गंजाड लागते, मग चारोटी नाक्यावर महामार्ग. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला हात जोडावेत, दापचरी ओलांडली की तलासरी. तिथून उधव्याकडे वळलात की भाताची खाचरे, वारल्यांचे पाडे आणि चढउतार.

या वाटेवर मी अजून जुन्या चेतकवरच फिरतो. गेल्या पावसाळ्यात उधव्याच्या अलीकडे, उतारावर मागचा ब्रेक दाबला, गाडी थांबेना. मागे एका शेतकऱ्याचा मुलगा बसलेला, पुढे शेळ्या आडव्या. गिअर उतरवत गाडी खाचरात घातली. चिखलाशिवाय काही लागले नाही. दोष माझाच. मागच्या चाकाची ओल आठवडाभर दिसत होती आणि मी ती पावसावर ढकलत होतो.

या स्कूटरला साखळी नाही. मागचे चाक गिअरबॉक्सच्या दांड्यावरच बसते. तिथले रबरी ऑइल सील झिजले की गिअरचे तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते.

पण तेल दिसले म्हणून लगेच चाक खोलू नका. खालचा भाग घासलेटने धुवून पुसा, कोरडा पुठ्ठा ठेवून गाडी रात्रभर उभी करा. सकाळी बोट लावून पाहा. पातळ आणि पेट्रोलचा वास असेल, तर कार्बोरेटर. काळे, चिकट असेल, तर सायलेन्सरचा जोड. या इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळतात, न जळालेले तिथून ठिबकते. जाडसर, बुळबुळीत असेल ते गिअरचे. तेल सोडायच्या बोल्टापाशी असेल तर वॉशर बदलून भागते. टायरच्या आतल्या बाजूला ओघळ असेल तर सील गेलेच समजा. मात्र तेल जास्त तर भरले नाही ना, तेही पाहा. गाडी सरळ उभी असताना ते भोकाच्या काठापर्यंतच हवे.

बाहेर थेंब नाही, तरी तेल घटते आणि धूर फार येतो? मग क्लचकडचे सील गेले, तेल इंजिन ओढते आहे. ते काम मिस्त्रीचे.

नवे सील घालण्याआधी चाक दोन्ही हातांनी हलवून पाहा. खुळखुळले तर बेअरिंग गेले आहे. ते तसेच ठेवले तर नवे सीलही महिन्या-दोन महिन्यांत जाईल. तेलात भिजलेले ब्रेक शू धुवून परत बसवू नका. तापले की मुरलेले तेल वर येते. “साहेब, चालतील अजून,” मिस्त्री म्हणाला. मी नवेच घातले.

तो मुलगा मात्र आता उधव्याला एसटीनेच जातो.