जेहलातला ह

आठवीत इंग्रजीच्या धड्यात जी, ए, ओ, एल अशी चार अक्षरं एका ओळीत आली आणि मी मोठ्याने वाचलं, 'गोल'. वर्ग खो खो हसला. गुरुजी म्हणाले, "जेल!" मला ते पटलं नाही. पुढे कळलं, लॅटिनमधल्या पिंजरा या अर्थाच्या शब्दाची फ्रेंचच्या दोन बोलींत दोन रूपं झाली आणि इंग्रजीने दोन्ही घेतली. एक कागदावर टिकलं, एक तोंडात.

नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या कुहीच्या तोंडात आणखीच वेगळं. 'त्याले जेहल झाली.' हा ह कुठल्याच स्पेलिंगात नाही, पण बोलताना उसाशासारखा निघतो. सरकारी पाटीवर 'कारागृह' असतं. तो शब्द वाचला की मला वसुदेव-देवकी आठवतात, आपल्या गल्लीतला माणूस नाही. पुस्तकातला 'तुरुंग' तर पोर्तुगिजांकडून आलेला.

खरं म्हणजे जेहलही इथे सहसा कोणी म्हणत नाही. कुहीत जेल नाही. जायचं ते नागपूरलाच. दवाखान्यात नेलं काय अन् पोलिसांनी नेलं काय, पारावर वाक्य एकच: "त्याले नागपूरले नेलं." आवाज खाली आला की समजायचं, दवाखाना नव्हे.

अजनीजवळ वर्धा रोडला ते जेल आहे, १८६४ सालचं. बेचाळीसच्या आंदोलनातल्या शंकर महाले या नागपूरच्या तरुणाला १९ जानेवारी १९४३ रोजी तिथेच फाशी दिली. भिंतीपलीकडे आता दिवसभर गाड्यांचे हॉर्न.

मेलबर्नचं जुनं जेल आज संग्रहालय आहे. ती जुनी चार अक्षरं त्याच्या नावात अजून आहेत, आणि नेड केली या दरोडेखोराला १८८० मध्ये जिथे फासावर चढवलं ती जागा लोक तिकीट काढून पाहतात. जेल बंद पडलं की स्पेलिंगसुद्धा देखणं दिसतं.

परवा कुहीच्या स्टँडवर सकाळच्या एसटीत एक बाई शेजारी बसली. मांडीवर पिशवी, प्लॅस्टिकच्या पन्नीत आधारकार्डाची झेरॉक्स. कंडक्टरने विचारलं, "कुठं?"

"नागपूर," ती म्हणाली, हळूच.

अजनीचं जेल अजून चालू आहे.