प्रोजेस्टेरॉनबाईंची लेक

या अ‍ॅलोप्रेग्ननोलोन. नाव भारदस्त, म्हणून आपण अ‍ॅलोताई म्हणू. यांच्या मातोश्री प्रोजेस्टेरॉन. आईला सगळं गाव ओळखतं, लेकीला कुणी विचारत नाही. ताईंच्या मनात ते सलत असावं.

पाळीनंतरचे पहिले काही दिवस ताई फारशा दिसत नाहीत. बीज सुटलं, आईची चलती सुरू झाली, की यांचा मुक्काम मेंदूत. बसायची जागाही ठरलेली: 'गाबा'चं ठाणं, म्हणजे मेंदूचा ब्रेक. झोपेच्या कित्येक गोळ्या आणि दारूही तिथेच काम करतात; संगत काही फार सोवळी नाही. एरवी ताई ब्रेक हलकेच दाबतात आणि जीव निवांत होतो.

काही मेंदूंशी मात्र त्यांचं पटत नाही. तिथे सगळं उलटंच. ओट्यावर भांडी आदळतात. "डबा भरलास का?" एवढ्यानेही डोळे भरून येतात. परवापर्यंत हसतीखेळती असलेली बाई 'माझ्याने काहीच होत नाही' म्हणत भिंतीकडे तोंड करून पडते. पाळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत ताई पसार. माफी मागत फिरायचं काम घरच्या बाईकडे.

"हिचे हार्मोन्स वाढलेत," हा घरचा निकाल. तो खोटा आहे. अमेरिकेत पीटर श्मिट आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवलं, की बीजकोषांचं काम औषधाने थांबवलं तर त्रास असलेल्या बऱ्याच जणींना आराम पडतो आणि हार्मोन्स परत दिली की त्रास परततो. तीच हार्मोन्स त्रास नसलेल्या बायकांना दिली, तर काहीच होत नाही! भांडण मापाचं नाही, मेंदूच्या प्रतिसादाचं आहे.

ताईंचा तोराही मोठा. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर २०१९ साली अमेरिकेत त्यांनाच औषध म्हणून मान्यता मिळाली, साठ तास शिरेतून!

सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांपुढे मात्र त्या नरमतात. नैराश्यात या गोळ्यांना आठवडे लागतात, पाळीआधीच्या या त्रासात बऱ्याचदा थोड्या दिवसांत गुण येतो. काही जणींना डॉक्टर त्या पाळीआधीच्या पंधरवड्यापुरत्याच देतात.

या तीव्र त्रासाला 'पीएमडीडी' म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात त्याला २०१३ साली स्वतंत्र आजाराचं स्थान मिळालं. निदानासाठी निदान दोन पाळ्यांची रोजची नोंद लागते, तेव्हा वही आजच उघडा. आणि जीव नकोसा वाटू लागला तर वहीसाठी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.