एकाच हृदयाला बायपास आणि स्टेंट दोन्ही



माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, ७४ वर्षांचे. ॲन्जिओग्राफीत तीन धमन्यांत अडथळे निघाले. पायाच्या फुगलेल्या शिरांचं ऑपरेशन पूर्वीच झालेलं, त्यामुळे बायपाससाठी तिथली शीर मिळणार नव्हती. डॉक्टर म्हणाले, पुढच्या मुख्य धमनीला छातीच्या आतली डावी धमनी जोडू आणि बाकी दोन्हींत स्टेंट घालू.

छातीतली ही धमनी पायाच्या शिरेपेक्षा कितीतरी जास्त वर्षं खुली राहते, हे ऐकून बरं वाटलं. खरा प्रश्न होता, आधी काय? स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या काही महिने चुकवून चालत नाहीत, नाहीतर स्टेंटमध्ये गुठळी होते. पण क्लोपिडोग्रेल चालू असताना छाती उघडली तर रक्तस्राव वाढतो, म्हणून बायपासआधी ती साधारण ५ दिवस बंद ठेवतात. म्हणून आमच्याकडे बायपास आधी ठरला. मधल्या दिवसांत उरलेल्या दोन धमन्यांचा धोका राहणारच होता, तो त्यांनी स्पष्ट सांगितला. फायदा असा की, स्टेंट घालताना नवा जोड नीट चालतो का तेही दिसतं. ॲन्जिओग्राफीच्या औषधाचा मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून क्रिएटिनिनही पाहिलं.

घरात वेगळीच काळजी होती. मामांचा ४० वर्षांचा रात्रीभोजन त्याग, पाण्यासकट. सासूबाईंनी विचारलं, "रात्रीची गोळी कशी घ्यायची?" मी डॉक्टरांनाच विचारलं. क्लोपिडोग्रेल दिवसातून एकदाच, ती सकाळी ठेवली. ॲस्पिरिन दुपारी जेवणानंतर, कोलेस्टेरॉलची गोळी संध्याकाळी ५:३० च्या जेवणाबरोबर. दवाखान्यात मात्र रात्रीही औषध-पाणी द्यावं लागणार होतं. महाराजांना विचारलं, त्यांनी तेवढ्या दिवसांची सूट दिली. मामा म्हणाले, "नियम मोडला नाही, महाराजांनीच सूट दिली." सासूबाईंचे डोळे भरून आले.

आता मामांचा अष्टमी-चतुर्दशीचा निर्जल उपवास बंद आहे, त्याऐवजी एकाशन. गोळी एकही चुकत नाही.

तुमच्या घरी अशी वेळ आली, तर हृदयतज्ज्ञ आणि सर्जन दोघांना एकत्र बसवून विचारा: आधी काय, मध्ये किती दिवस, कोणती गोळी कधी बंद आणि कधी सुरू? आणि आपला नियम पहिल्याच भेटीत सांगा. वेळा बदलायच्या तर डॉक्टरांना विचारूनच.