थेंबाचा माग

घराची निगा म्हणजे मुख्यतः पाण्याची निगा. ऊन, गंज, वाळवी, भेगा ही घर खचण्याची कारणे खरीच. पण त्यांतली बहुतेक पाण्याचा हात धरून घरात शिरतात. भेग उन्हाने पडते, घर बिघडते ते तिच्यातून पाणी मुरल्यावर. सळई गंजते ओलीने, वाळवी वर चढते ओलीच्या शोधात, आणि भिंतीतले पाणी बाहेर पडू पाहते तेव्हा रंगाचे पोपडे निघतात. म्हणून डागडुजीचा क्रम पाण्याच्याच वाटेने लावावा. आधी गच्ची, मग कठडा आणि छज्जे, मग भिंती, नळ, जोते आणि सर्वांत शेवटी अंगण. वरचे काम टाकून खालचे आधी उरकले, की तेच काम पुढच्या वर्षी पुन्हा करावे लागते.

हा क्रम रायपूरमधल्या तेलीबांध्याच्या उदाहरणाने पाहू. हा भाग तलावाच्या नावानेच ओळखला जातो. जीई रोडला लागून असलेल्या या तलावाच्या काठाला लोक आज मरीन ड्राइव्ह म्हणतात. आसपासच्या वस्तीत जुनी खपऱ्याची घरे आहेत आणि 2000 साली छत्तीसगड राज्य झाल्यावर भराभर उभे राहिलेले बंगले आणि इमारतीही आहेत. 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्या काळापासून शहरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना घराच्या दुरुस्तीचे दोन्हीकडचे शब्द ठाऊक असतात. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथल्या गोलाईदार लिंपणाला मराठी गवंडी ‘वाटा’ म्हणतो, इथला मिस्त्री ‘गोला’ म्हणतो. काम एकच: पाण्याला कोपऱ्यात थांबू न देणे.

इथले हवामान घराला आधी भाजते आणि मग भिजवते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पावसाळा. वर्षाच्या साधारण 1200 मिलिमीटर पावसातला बहुतेक याच काळात पडतो. काँक्रीटचा 10 मीटर लांबीचा स्लॅब 30 अंशांनी तापला, तर सुमारे 3 मिलिमीटर लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. विटांची भिंत त्याच्या बरोबरीने हलत नाही. त्यामुळे स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यावर आडवी, बारीक भेग येते. उन्हाळ्यात ती निरुपद्रवी दिसते. पहिल्या जोरदार सरीत तीच पाण्याची वाट होते. पूर्वी खपऱ्याची घरे पावसाआधी शाकारत, फुटके खपरे काढून नवे बसवत. अक्षय्य तृतीयेपासून, म्हणजे इथल्या अक्तीपासून, मृग नक्षत्र लागेपर्यंतचे दिवस स्लॅबच्या घरांसाठीही तितकेच मोलाचे आहेत.

गच्चीची तपासणी झाडूने सुरू होते. पिंपळाचे रोप, कबुतरांची घाण, वाळलेली पाने, मागच्या बांधकामातून उरलेल्या विटा हे सगळे काढल्याशिवाय गच्ची दिसतच नाही. पन्हाळीच्या तोंडावरची जाळी उचलून आत हात घालून गाळ काढावा, वरून बादलीभर पाणी ओतून ते खाली किती वेगाने येते ते बघावे. गच्चीला पन्हाळीकडे दर मीटरला किमान 1 सेंटिमीटर उतार हवा. उतार नसेल तिथे पाणी डबक्यासारखे साचते आणि सुकल्यावर मातीची गोल कड मागे ठेवते. हे डाग खडूने आखून ठेवावेत. मिस्त्रीला जागा दाखवण्याचा याहून सोपा मार्ग नाही. उतार सुधारल्याशिवाय वरून रासायनिक लेप लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, कारण सतत साचलेल्या पाण्याखाली असे बरेच लेप टिकत नाहीत.

गळती नेमकी कुठे आहे हे कळण्यासाठी पाणी साठवून बघतात. पन्हाळीचे तोंड कापडाच्या गोळ्याने बंद करून गच्चीच्या सर्वांत उंच भागावरही 1 इंच पाणी राहील इतके भरायचे आणि कठड्यावर पातळीची रेघ मारायची. इथे एक चूक हटकून होते. मे महिन्याच्या उन्हात एका दिवसात सेंटिमीटरभर पाणी सहज उडून जाते. घरमालक खाली गेलेली रेघ पाहून घाबरतो आणि सगळी गच्ची फोडायला काढतो. म्हणून पाण्यातच एक उघडे, पसरट घमेले काठोकाठ भरून ठेवावे. घमेल्यातली पातळी जितकी उतरली तितके पाणी उन्हाचे. त्याहून जास्त उतरलेले स्लॅबने प्यायलेले. दोन दिवसांनी खालच्या खोल्यांचे छत हाताने चाचपावे. ओल डोळ्यांना दिसण्याआधी तळव्याला गार लागते.

छतावर जिथे डाग दिसतो तिथेच वर छिद्र असते असे नाही. स्लॅबमध्ये शिरलेले पाणी सळईच्या, वायरच्या नळीच्या किंवा काँक्रीटमधल्या पोकळीच्या आधाराने दोन-चार हात सरकते आणि मिळेल तिथे खाली उतरते. त्यामुळे आधी संशय घ्यावा तो कोपऱ्यांवर, गोल्यावर, पाइप स्लॅबमधून आरपार जातो त्या जागेवर आणि टाकीच्या ओट्याखाली. गोल्यातली सैल लिंपणी ठोकून काढावी, धूळ ब्रशने झाडावी, जागा ओली करून पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला भरावा. मेमध्ये केलेले सिमेंटचे काम तासाभरात पांढरे पडते. ते वाळलेले असते, घट्ट झालेले नसते. सिमेंटला ताकद येण्यासाठी पाणी लागते. सात दिवस त्यावर ओले गोणपाट टाकून ठेवले नाही, तर चांगला मसालाही बोटाने खरवडता येईल इतका भुसभुशीत राहतो. लेप लावायचे ते सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. वरचा शेवटचा थर पांढरा ठेवला तर ऊन परतते, स्लॅब कमी तापतो, कमी हलतो आणि खालची खोली थंड राहते.

कठड्याचा माथा आतल्या बाजूला उतरता हवा, नाहीतर पाणी बाहेरच्या भिंतीवर ओघळून काळे पट्टे पडतात. छज्ज्याच्या खालच्या कडेजवळ बोटाच्या रुंदीची खाच ठेवलेली असते. पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीकडे जाऊ पाहते, खाचेशी त्याचा धागा तुटतो आणि ते खाली ठिबकते. रंगकाम करताना ही खाच पुट्टीने बुजवली जाते. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातली ओल पुष्कळदा एवढ्याशा कारणाने येते आणि खाच मोकळी केली की थांबते. छज्ज्याच्या पोटाचा गिलावा फुगला असेल तर आत सळई गंजते आहे हे समजावे. गंजाला लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते आणि तो काँक्रीट आतून फोडतो. अशा जागी वरून गिलावा मारणे धोक्याचे आहे. सैल भाग काढून, सळई चकचकीत होईपर्यंत घासून, गंजरोधक लेप देऊनच मसाला भरावा.

भिंतीतल्या ओलीचे निदान ऋतूवरून होते. ओल फक्त पावसाळ्यात येत असेल तर पाणी गच्चीतून किंवा बाहेरच्या भेगेतून येते. बाराही महिने सारखी असेल तर नळ, न्हाणीघराचे सांधे किंवा सांडपाण्याचा पाइप तपासावा. मार्च ते जून वाढत असेल तर खिडकीतला कूलर बघावा: त्याची गळकी टाकी, पाण्याची नळी किंवा भिंतीला टेकलेली ओली ताटी. रायपूरमध्ये हे तिसरे कारण वारंवार सापडते आणि क्वचितच कुणाच्या ध्यानात येते. कूलर भिंतीपासून चार बोटे दूर, बाहेर उतरता ठेवावा आणि दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासावी; त्यात डासही होत नाहीत. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल असेल आणि तिच्या वरच्या कडेला पांढरा लोणा फुटला असेल, तर पाणी जमिनीतून वर चढते आहे. शंका उरली तर भिंतीवर वितीएवढा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला दव जमले तर पाणी भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा आहे आणि खिडकी उघडणे हाच उपाय.

भेग भरण्याआधी ती जिवंत आहे की मेली हे ठरवावे. दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी, मधोमध प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा टिकलीएवढा ठिपका द्यावा. दोन-तीन महिन्यांत ठिपका तडकला तर भेग हलते आहे. न हलणारी बारीक भेग थोडी खोदून, धूळ काढून, मसाल्याने भरली की प्रश्न संपतो. हलणाऱ्या सांध्यात सिमेंट भरू नये. तिथे ताणले जाणारे सीलंट हवे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, 5 मिलिमीटरहून रुंद भेग गवंड्याच्या हाताबाहेरची असते. ती स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावी.

रंग हा भिंतींच्या कामाचा शेवटचा टप्पा, आणि इथेच सर्वांत जास्त पैसा वाया जातो. दिवाळीआधी घर रंगवण्याची रीत महाराष्ट्रात आहे तशीच छत्तीसगडमध्येही आहे. खपऱ्याच्या घराच्या भिंतींना छुही मातीचा हात देत तेव्हा ही रीत भिंतीला मानवत होती. माती आणि चुना श्वास घेतात, आतली ओल त्यांतून निघून जाते. आजचे अॅक्रिलिक रंग पापुद्र्यासारखे बसतात. चार महिने पाणी प्यायलेल्या भिंतीवर तीन-चार आठवड्यांत तो पापुद्रा चढवला की पाणी आत कोंडते आणि पुढच्या उन्हाळ्यात पोपडे होऊन बाहेर येते. सणाला उजळपणा हवा हे रास्तच आहे. दिवाळीला आतल्या कोरड्या भिंती रंगवाव्यात. बाहेरच्या आणि ओल आलेल्या भिंतींना माघ-फाल्गुनापर्यंत वाळू द्यावे. नवा गिलावाही किमान महिनाभर वाळल्याशिवाय रंगवू नये.

घरातले पाणी पावसापेक्षा गुपचूप नुकसान करते. सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ, 20 थेंबांचा 1 मिलिलिटर धरला तरी, दिवसाला 4 लिटरांहून जास्त पाणी घालवतो. वॉशर बदलायला पाच मिनिटे लागतात. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास थांबावे. भांड्यात रंग उतरला तर आतली झडप गळते आहे. रायपूरच्या जमिनीखाली चुनखडक असल्याने बोअरचे पाणी जड असते. नळाच्या जाळ्या आणि शॉवर क्षाराने बुजतात. ते काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले की मोकळे होतात. पण याच परिसरातल्या खाणींतून निघणारी फरशी घरात असेल, तर हा उपाय तिच्यावर कधीही करू नये. फरशीच्या एखाद्या टाकाऊ तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकून जवळून बघावे. बारीक फेस येतो, आणि पुसल्यावर तेवढी जागा निस्तेज, खरखरीत झालेली असते. आम्लाने चुनखडीचा दगडच खाल्लेला असतो. अशी फरशी साध्या पाण्याने आणि सौम्य साबणानेच पुसावी. ओल आणि वीज एकत्र येतात तिथे जीव जातो, म्हणून मुख्य बोर्डावरच्या आरसीसीबीचे, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे, चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही ते पाहावे. पडला नाही तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलवावा.

जोत्याशी पोचल्यावर माती ओळखावी लागते. छत्तीसगडचा शेतकरी काळ्या चिकण मातीला कन्हार, पिवळसर मातीला मटासी, दोहोंच्या मधल्या मातीला डोरसा आणि मुरमाड तांबड्या जमिनीला भाठा म्हणतो. भाठ्यावरचे घर स्थिर राहते. कन्हार पावसात फुगते, उन्हाळ्यात हाताचे बोट जाईल अशी फाटते, आणि वरच्या घरालाही हलवते. अशा जागी जोत्याभोवती अडीच-तीन फुटांची पक्की, बाहेर उतरती पट्टी करावी, म्हणजे पायाजवळची माती वर्षभर साधारण सारखीच ओलसर राहते. बागेची कुंडी, ठिबक नळी किंवा मोठे होणारे झाड भिंतीला खेटून नको. याच पट्टीवर वाळवीची पाहणीही होते. भिंतीवर चढणारी मातीची बोरूएवढी नळी दिसली, तर नुसती पुसून टाकू नये. वारूळ जमिनीत असते. जमीन आणि भिंतीच्या सांध्यात फूटभर अंतरावर भोके पाडून औषध सोडावे लागते, आणि ते काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे.

आता उरते अंगण आणि त्यातून बाहेर जाणारे पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 1 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे 93 लिटर पाणी जमते. वर्षभराच्या पावसात ते लाख लिटरांच्या वर जाते. पहिल्या एक-दोन सरी वाहून जाऊ द्याव्यात, कारण त्या गच्चीची धूळ धुतात. पुढचे पाणी गिट्टी, खडी आणि वाळू यांच्या थरांतून गाळून शोषखड्ड्यात सोडावे, आणि तो खड्डा पायापासून दूर असावा. न गाळलेले पाणी थेट बोअरमध्ये सोडले तर ते घाण घेऊन सरळ भूजलात जाते. खड्डा भरल्यावर उरलेले पाणी नालीत जाते, आणि तेलीबांध्यासारख्या वस्तीत नालीचा उतार शेवटी तलावाकडे असतो. रंगाचे डबे धुतलेले पाणी, सिमेंटचा गाळ, वाळवीच्या औषधाचा उरलेला भाग नालीत ओतला की पुढच्या सरीबरोबर तो त्या पाण्यात पोचतो. डबे कोरडे पुसावेत, गाळ सुकवून मलब्यात टाकावा, औषध ते आणणाऱ्याने परत न्यावे. गच्चीवर पडलेला थेंब घराला धक्का न लावता, स्वच्छ, जमिनीत मुरला किंवा तलावात उतरला की घराची वर्षाची डागडुजी पुरी झाली.